गाठ आधी की अहवाल आधी?

कोपर, प्रतिनिधी

दिवा आणि डोंबिवली यांच्या मधोमध असलेल्या कोपर स्थानकात जलद लोकल थांबत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात जायचे झाल्यास येथल्या रहिवाशाला धिम्या गाडीने तासाभराहून अधिक प्रवास करावा लागतो; अन्यथा उलट दिशेने डोंबिवली गाठून, जलद गाडीच्या गर्दीत स्वतःला लोटून दादरला उतरावे लागते. वरच्या फलाटावर वसई-दिवा-पनवेल मार्गाची गाडी वेळेवर मिळाली, तर पनवेलमार्गे खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटांच्याच दुसऱ्या केंद्रात जाता येते. स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या कुटुंबाच्या डोळ्यांसमोर प्रथम येते ते हे अंतर. वस्तुतः परळची गाडी पकडण्याआधीच एक दुसरा, अधिक निर्णायक प्रवास होऊन गेलेला असतो. तो असतो गाठीतून काढलेल्या मांसाच्या तुकड्याचा, शस्त्रक्रियेच्या टेबलापासून प्रयोगशाळेपर्यंतचा. तो नीट झाला नाही तर परळला पोहोचूनही बरेच काही हातातून निसटलेले असते.

आक्रमक स्तनकर्करोगाच्या उपचारांत आज दोन प्रश्नांना सर्वाधिक महत्त्व आहे. पहिला, कर्कपेशींवर कोणती प्रथिने आहेत? दुसरा, त्या पेशी काखेतील लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचल्या आहेत काय? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे गाठ कापण्यापूर्वी मिळवता येतात, आणि ती तेव्हाच मिळवली पाहिजेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्याकडे मात्र छोट्या शहरांत आणि उपनगरांत अजूनही अनेकदा नेमका उलटा क्रम चालतो. आधी गाठ निघते, मग ती काय होती याचा शोध सुरू होतो.

हा प्रश्न किती जणींचा आहे? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षे आधी गाठतो. शिवाय ज्याला ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात, त्या आक्रमक प्रकाराचे प्रमाण तिकडे दहा-पंधरा टक्क्यांच्या घरात, तर भारतातील बहुतेक अभ्यासांत पंचवीस ते तीस टक्क्यांच्या आसपास आढळते. याची कारणे काही अंशी आपल्या रुग्णांच्या तरुण वयात आहेत. काही अंशी ती आपल्या प्रयोगशाळांत असू शकतात. त्याकडे पुढे येऊच.

काख आणि कर्करोग यांचे नाते जुने आहे. अमेरिकेतील शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ मध्ये आपल्या ‘रॅडिकल’ शस्त्रक्रियेचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्यामागची कल्पना सरळ होती. कर्करोग गाठीतून निघतो, टप्प्याटप्प्याने काखेत जातो आणि तेथून पुढे पसरतो. तेव्हा स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील साऱ्या ग्रंथी एकत्र काढून टाकल्या की रस्ता बंद. सुमारे पाऊण शतक जगभरच्या स्त्रियांनी या तर्काची किंमत शरीराने मोजली. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या मोठ्या चाचण्यांनी तो तर्क मोडून काढला. काखेतील ग्रंथी सरसकट काढल्याने आयुष्य वाढत नाही, असे त्यातून दिसले. काखेतील ग्रंथी हा रोगाचा दरवाजा नसून रोगाच्या स्वभावाची साक्ष आहे, अशी समज त्यानंतर रुजली.

ही साक्ष प्रथिनांशी प्रथम जोडली गेली ती १९८७ मध्ये. लॉस एंजलिसचे डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ गाठींचा अभ्यास करून दाखवले, की सुमारे तीस टक्के गाठींमध्ये ‘हर-टू’ नावाच्या जनुकाच्या अनेक जादा प्रती असतात. आणि ज्यांच्या काखेत रोग पोहोचलेला आहे अशा स्त्रियांपैकी कोणाचा आजार लवकर उलटेल हे या एका गोष्टीवरून बऱ्याच अंशी ओळखता येते. त्यापूर्वी डॉक्टर ग्रंथी मोजत. किती ग्रंथींत रोग आहे यावर भविष्य सांगत. स्लॅमन यांच्या निबंधाने सांगितले की मोजणी पुरेशी नाही, ग्रंथीत शिरलेली पेशी कोणत्या जातीची आहे तेही पाहा. अकरा वर्षांनी, १९९८ मध्ये, त्याच प्रथिनावर नेम धरणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत मान्य झाले आणि स्तनकर्करोगाच्या अहवालाचे स्वरूपच पालटले.

आज त्या अहवालात चार नोंदी असतात. ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांना पकडणारी ग्राही प्रथिने. ती असतील तर पेशी संप्रेरकांवर पोसली जाते आणि टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी तिची रसद तोडू शकते. पाच वर्षे घेतलेल्या या गोळीने अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटते. तिसरे हर-टू. चौथे केआय-६७, ते पेशी किती वेगाने विभागत आहेत हे सांगते. पहिली तिन्ही नसतील तो ट्रिपल निगेटिव्ह. केआय-६७ ची मोजणी मात्र पाहणाऱ्याच्या नजरेवर बरीच अवलंबून असते. त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत म्हणून रुग्णाने घाबरून जाण्याचे कारण नाही.

पेशी काखेकडेच का वळते, यालाही प्रथिनांचेच उत्तर आहे. ‘नेचर’ या नियतकालिकात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले, की स्तनाच्या कर्कपेशींवर सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७ ही दोन ग्राही प्रथिने मोठ्या प्रमाणात असतात. एरवी ती पांढऱ्या पेशींना लसिका ग्रंथींची वाट दाखवतात, कारण ग्रंथींतून त्यांना बोलावणारे रासायनिक संदेश सतत सुटत असतात. कर्कपेशी हाच पत्ता चोरते. दुसरीकडे काही गाठी व्हीईजीएफ-सी नावाचे प्रथिन स्रवतात; त्याने गाठीच्या भोवती नव्या लसिकावाहिन्या फुटतात आणि रस्ता रुंद होतो. तथापि ही प्रथिने अजून रोजच्या अहवालात आलेली नाहीत. त्यांची तपासणी करून देतो असे सांगून कोणी जादा पैसे मागत असेल, तर त्या निकालावरून उपचारात काय फरक पडणार आहे हे आधी विचारावे.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. काखेत रोग नाही म्हणजे धोका टळला, असे रुग्ण आणि कधीकधी डॉक्टरही मानतात. संप्रेरकांवर पोसणाऱ्या गाठींच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी ठीक आहे: गाठ जेवढी मोठी, तेवढी काखेत रोग असण्याची शक्यता अधिक. हर-टू असलेल्या गाठींचाही ओढा काखेकडे जास्त. ट्रिपल निगेटिव्ह मात्र हे गणित पाळत नाही. टोरांटो येथील १,६०१ रुग्णांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या प्रकारात गाठीचा आकार आणि काखेतील प्रसार यांचा मेळ बसत नसल्याचे दिसले. लहान गाठींतही काखेत रोग सापडला. शिवाय हा प्रकार रक्तावाटे थेट फुप्फुसात वा मेंदूत जाऊ शकतो, काख स्वच्छ ठेवून. त्याच अभ्यासात आजार उलटण्याचा सर्वाधिक धोका पहिल्या तीन वर्षांत दिसला, नंतर तो झपाट्याने खाली आला. याचा व्यावहारिक अर्थ असा, की ग्रंथींची स्थिती प्रथिनांच्या नोंदीशेजारी ठेवूनच वाचावी लागते. रोगाची अवस्था ठरवणाऱ्या अमेरिकी संयुक्त समितीने २०१८ पासून लागू केलेल्या आठव्या आवृत्तीत हेच केले. गाठीचा आकार आणि ग्रंथींची संख्या यांच्या जोडीला ईआर, पीआर, हर-टू आणि पेशींची प्रत यांना अवस्थेच्या हिशेबात स्थान मिळाले. एकाच आकाराच्या गाठी आणि तेवढ्याच ग्रंथी असलेल्या दोन स्त्रियांच्या अवस्था आता निराळ्या निघू शकतात.

मग क्रमाचा प्रश्न येतो. हर-टू असलेल्या व ट्रिपल निगेटिव्ह प्रकारांत, गाठ अगदी लहान नसेल वा काखेत रोग असेल तर, आज जगभर केमोथेरपी आधी आणि शस्त्रक्रिया नंतर असा प्रघात आहे. औषधाने गाठ लहान होते, हे त्याचे उघड कारण. त्याहून महत्त्वाचे कारण असे, की औषध लागू पडते आहे की नाही हे प्रत्यक्ष पाहता येते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्तनात आणि काखेत रोगाचा मागमूस उरला नसेल, तर पुढची वाट बरीच सुकर असते. उरला असेल, तर औषध बदलता येते. ट्रिपल निगेटिव्हमध्ये कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देण्याचा लाभ जपान आणि कोरियातील चाचणीने २०१७ मध्ये दाखवला. हर-टू प्रकारात टी-डीएम-१ या औषधाचा लाभ दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ च्या अखेरीस पुढे आला. गाठ आधीच निघालेली असेल तर ही कसोटी घेण्यासाठी काही शिल्लकच राहत नाही. काखेत रोग होता का, किती होता, औषधाने तो वितळला असता का, या प्रश्नांची उत्तरे डब्यात गेलेली असतात.

टाटा रुग्णालयाचे या बाबतीतील काम जगाने दखल घ्यावी असे आहे आणि जगाने ती घेतलीही. डॉ. सुदीप गुप्ता यांनी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडलेल्या चाचणीत ट्रिपल निगेटिव्ह असलेल्या सुमारे ७२० स्त्रियांचा समावेश होता. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या केमोथेरपीत कार्बोप्लॅटिन हे जुने, स्वस्त औषध जोडल्यास काय होते, हा प्रश्न होता. पन्नास वा त्याहून कमी वयाच्या स्त्रियांमध्ये पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्क्यांहून अधिकने वाढले. पन्नाशी ओलांडलेल्यांत मात्र लाभ दिसला नाही. परदेशात याच आजारासाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध दिले जाते. ते परिणामकारक आहे, पण त्याची किंमत कोपरच्या चाळीतल्या काय, डोंबिवलीतल्या दोन पगारांच्या घरालाही झेपणारी नाही. त्यामुळे परळहून आलेला हा निष्कर्ष आपल्या दृष्टीने मोलाचा. अर्थात तो लागू करायचा तर रुग्णाचे वय, काख आणि तिन्ही प्रथिने शस्त्रक्रियेपूर्वी ठाऊक हवीत. पुन्हा तोच मुद्दा.

आता तुकड्याच्या प्रवासाकडे वळू. स्तनात गाठ लागल्यावर आपल्याकडे बहुधा प्रथम बारीक सुईने पेशी ओढून तपासतात. ही एफएनएसी स्वस्त आणि झटपट. पेशी कर्करोगाच्या आहेत की नाहीत एवढे ती सांगते. प्रथिनांच्या विश्वासार्ह नोंदीसाठी मात्र ऊतीचा सलग धागा हवा, आणि तो जाड, पोकळ सुईच्या बायॉप्सीनेच मिळतो. डॉक्टर तिला ट्रू-कट म्हणतात. भूल दिलेल्या जागेवर काही मिनिटांचे काम. काखेत संशयास्पद ग्रंथी सोनोग्राफीत दिसली तर तिचाही नमुना त्याच बैठकीत घेता येतो. मूळ गाठीतील आणि ग्रंथीतील प्रथिने काही रुग्णांत वेगळी निघतात. आजार उलटून आला तर पुन्हा नमुना घेण्याचा आग्रह डॉक्टर धरतात तो म्हणूनच.

धागा निघाल्यावर घड्याळ सुरू होते. ऊती शरीराबाहेर आल्यापासून तासाभराच्या आत फॉर्मॅलिनमध्ये बुडाली पाहिजे, आणि त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहिली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. द्रावण दहा टक्क्यांचे, आम्लता संतुलित केलेले आणि ऊतीच्या कित्येक पट असावे लागते. हे सारे कंटाळवाणे वाटेल, परंतु येथेच घोटाळा होतो. अख्खी गाठ काढून ती न कापता लहान बरणीत कोंबली, तर द्रावण आत पोहोचत नाही आणि गाठीचा गाभा कुजू लागतो. फॉर्मॅलिन हाताशी नाही म्हणून सलाइनमध्ये ठेवलेला नमुना, अथवा शनिवारी रात्री काढून सोमवारी दुपारी पाठवलेली कोरडी बरणी, यांतून प्रथिने नाहीशी होतात. सर्वांत आधी ईआर आणि पीआर. प्रयोगशाळेने रंग टाकला तरी पेशी रंगत नाहीत. अहवाल येतो: निगेटिव्ह. हर-टू मुळात नसेल, तर त्या स्त्रीच्या कपाळी ट्रिपल निगेटिव्हचा शिक्का बसतो आणि तिला वाचवू शकणारी टॅमॉक्सिफेनची गोळी कोणी लिहूनच देत नाही. भारतातील ट्रिपल निगेटिव्हच्या मोठ्या आकड्यात असे चुकीचे शिक्के किती, हा प्रश्न येथील पॅथॉलॉजिस्ट स्वतःच अनेक वर्षे विचारत आले आहेत.

हर-टूच्या नोंदीत आणखी एक खाचखळगा आहे. तपासणीचा निकाल शून्य, एक, दोन वा तीन अधिक अशा श्रेणीत येतो. तीन अधिक म्हणजे निश्चित होकार. दोन अधिक म्हणजे ‘सांगता येत नाही’. अशा वेळी ‘फिश’ ही जनुकाच्या प्रती मोजणारी दुसरी तपासणी करावीच लागते. ती महाग आहे आणि छोट्या प्रयोगशाळांत होत नाही. परिणामी दोन अधिकचा अहवाल फायलीत तसाच पडून राहतो आणि रुग्णाला ट्रास्टुझुमॅब मिळावे की नाही हा निर्णय अधांतरी राहतो. स्तनकर्करोगाच्या पंधरा ते वीस टक्के रुग्णांत हर-टू जास्त असते. त्यांच्यासाठी या एका औषधाने आजाराचे भवितव्य बदलले आहे. भारतात रोश कंपनीने २०१३ मध्ये त्यावरचे पेटंट सोडले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बायोकॉनच्या जैवसमान औषधाला मान्यता मिळाली. त्यानंतर स्पर्धा वाढून किंमत उतरली. आज अडचण औषधाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, अर्धवट अहवालाची आहे.

काखेच्या शस्त्रक्रियेचेही असेच. सर्व ग्रंथी काढल्यास सुमारे पाचातील एका स्त्रीच्या हाताला कायमची सूज येते. केवळ पहारेकरी ग्रंथी, म्हणजे गाठीकडून येणाऱ्या लसिकेच्या वाटेवरील पहिली ग्रंथी, काढून तपासल्यास हे प्रमाण पाच-सहा टक्क्यांवर येते. ही सूज जिवावर बेतत नाही म्हणून तिची गणना कमी होते. पण त्या हाताने बांगडी भरता येत नाही, पिंप उचलता येत नाही, गाडीची कडी धरून उभे राहणे तर दूरच. पहारेकरी ग्रंथी शोधायला किरणोत्सारी द्रव्य, ते टिपणारे यंत्र आणि निळा रंग लागतो. सर्व रुग्णालयांत ही सामग्री नसते. टाटा रुग्णालयात डॉ. वाणी परमार, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधा पर्याय शोधला. काखेच्या खालच्या भागातील, एका ठरावीक मज्जातंतूच्या खालची चरबी तेवढी काढून तपासायची. ही पद्धत पहारेकरी ग्रंथीच्या तपासणीच्या तोडीची असल्याचे त्यांच्या अभ्यासात दिसले. यंत्र नको, किरणोत्सार नको. लागतो तो शिकलेला हात. हे शिकलेले हात जिल्ह्याच्या पातळीवर किती आहेत, हा निराळा विषय.

टाटांच्या आणखी दोन चाचण्यांचा उल्लेख येथे टाळता येत नाही, कारण दोहोंचा विषय शस्त्रक्रियेच्या आसपासचे काही दिवस वा काही मिनिटे हाच आहे. पहिल्या चाचणीत एक हजार स्त्रियांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रियेपूर्वी पाच ते चौदा दिवस प्रोजेस्टेरॉनचे एकच इंजेक्शन दिले गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सर्व स्त्रिया मिळून लक्षणीय फरक दिसला नाही. काखेत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत मात्र पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ६६.८ टक्क्यांवरून ७५.७ टक्क्यांवर गेले. दुसऱ्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत देशातील ११ केंद्रांतील १,६०० स्त्रिया होत्या. शस्त्रक्रियेच्या सात ते दहा मिनिटे आधी गाठीच्या भोवती लिडोकेन, म्हणजे दंतवैद्याकडे मिळते ते बधिरतेचे औषध, टोचले असता पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झाले. उपगटांतून निघालेल्या निष्कर्षांकडे संख्याशास्त्रज्ञ सावधपणे पाहतात, आणि प्रोजेस्टेरॉनच्या बाबतीत ती सावधगिरी योग्यच आहे. लिडोकेनची चाचणी थेट शस्त्रक्रियेला जाणाऱ्या स्त्रियांवर झाली, केमोथेरपी आधी घेतलेल्यांवर नव्हे, हेही ध्यानात ठेवायला हवे. पण गाठीला हात लावण्याचा क्षणही रोगाच्या पुढील वाटचालीवर परिणाम करतो, हे दोहोंचे सूचन आहे. आणि ज्या क्षणाला एवढे महत्त्व आहे तो ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकू’ या वाक्याने उरकण्याजोगा नाही.

हे वाक्य उच्चारणारा डॉक्टर दुष्ट असतो असे नव्हे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. स्त्रीलाही गाठ तत्काळ निघावी असेच वाटत असते. घरच्यांनी तोपर्यंत सुई टोचल्याने रोग पसरतो ही ऐकीव भीती घातलेली असते. या भीतीला आधार नाही. रुग्णाला परळला पाठवले तर तेथील रांग, राहण्याची सोय, बुडणारी रोजंदारी हे सारे समोर येते; त्यापेक्षा घराजवळचे नर्सिंग होम बरे वाटते. टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बाहेर अर्धवट शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया येत असतात. त्यांच्या हातात कधी एका ओळीचा अहवाल असतो, कधी नुसते डिस्चार्ज कार्ड.

यावर उपाय मोठ्या इमारतींत शोधण्याची आपल्या राजकारण्यांना सवय आहे. कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन छायाचित्रात चांगले दिसते. बायॉप्सीच्या सुया आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या यांचे भूमिपूजन होत नाही. परंतु कल्याण-डोंबिवली महापालिकेचे शास्त्रीनगर आणि रुक्मिणीबाई ही रुग्णालये, अथवा ठाणे महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, यांतून आठवड्याचा एक ठरलेला दिवस ट्रू-कट बायॉप्सीसाठी ठेवला, नमुना घेतल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ बरणीवर लिहिली आणि तो मोठ्या प्रयोगशाळेकडे दुसऱ्या दिवशी रवाना केला, तर कोपरची स्त्री परळला जाईल तेव्हा तिच्या हातात पुरा अहवाल असेल. २०१२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज तीनशेहून अधिक संस्था आहेत. त्यांच्यात उपचारांच्या एकसमान मार्गदर्शक सूचना ठरलेल्या आहेत. तेव्हा नव्याने काही शोधून काढायचे नाही.

गाठ मुळात लवकर सापडण्यासाठीही अवघड यंत्रे लागतात असे नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ मध्ये टाटा रुग्णालयाने सुरू केलेल्या चाचणीत ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. वीस वर्षांनंतर, २०२१ मध्ये, निष्कर्ष आले: तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या वा चौथ्या अवस्थेत सापडलेल्यांचे प्रमाण ४७ टक्क्यांऐवजी ३७ टक्के होते. एकूण मृत्यूंतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरती उतरली नाही. पन्नाशीपुढील स्त्रियांत मात्र ती सुमारे तीस टक्के होती. तिशीपुढील प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असे केंद्र सरकारच्या कार्यक्रमात लिहिलेले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी तपासणी एकदा तरी झालेल्यांचे प्रमाण ०.९ टक्के निघाले. शंभरात एकही नाही.

रुग्णाच्या हाती काय आहे? गाठ काढू या असे सांगितले गेले, तर आधी ट्रू-कट बायॉप्सी होणार आहे का आणि काखेची सोनोग्राफी झाली का, हे दोन प्रश्न विचारणे. अहवालात ईआर, पीआर, हर-टू या तिन्ही नोंदी आहेत का ते पाहणे. हर-टू दोन अधिक असेल तर पुढील तपासणीचा आग्रह धरणे. आणि गाठीचा मेणात जपलेला तुकडा, ज्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात, तो काचपट्ट्यांसह मागून घेणे वा सुरक्षित आहे याची खात्री करणे. हा तुकडा अनेक वर्षे टिकतो. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब-डेरक्स्टिकॅन या नव्या औषधाने दाखवले, की हर-टू अगदी थोडे असलेल्या, म्हणजे एक अधिक वा फिशमध्ये नकार आलेल्या दोन अधिक श्रेणीतील, पसरलेल्या आजारातही त्याचा लाभ होतो. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात त्यावरील सीमाशुल्क माफ करण्यात आले, तरीही ते महागच आहे. पूर्वी या साऱ्या स्त्रियांच्या अहवालावर नुसते ‘हर-टू निगेटिव्ह’ असे लिहिले जाई. त्यांपैकी कोणाचा आजार आज उलटला असेल, तर नवा नमुना घेणे शक्य नसल्यास शून्य आणि एक अधिक यांतला फरक त्या जुन्या मेणाच्या तुकड्यातूनच पुन्हा वाचावा लागतो.